सण आणि सुट्टी

कोणत्याही समाजाचा इतिहास त्याच्या राजांच्या वंशावळीवरून जितका कळतो, तितकाच तो समाज वर्षातून कोणत्या दिवशी हातातले काम खाली ठेवतो यावरूनही कळतो. तह आणि लढाया यांची नोंद दप्तरखान्यात सापडते. परंतु औत कोणत्या दिवशी सुटले, लेक माहेरी कोणत्या दिवशी आली, वर्षभर अबोला धरलेले भाऊबंद कोणत्या दिवशी एका पंगतीस बसले, याची नोंद लोकांच्या वहिवाटीत असते, आणि वहिवाट ही कागदापेक्षा चिवट असते. प्रस्तुत लेखात अशा वहिवाटीचाच थोडा विचार करावयाचा आहे. प्रश्न दिसावयास साधा आहे. सण आणि सुट्टी या दोन गोष्टी एकच आहेत काय? आणि नसतील, तर सुट्टी मिळाली म्हणजे सण टिकतोच असे म्हणता येईल काय?

विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघून मोशी मागे टाकली व इंद्रायणी ओलांडली, की चाकणच्या अलीकडे खेड तालुक्यातील कुरुळी हे गाव लागते. त्याच्या एका अंगास आळंदी आणि दुसऱ्या अंगास देहू. एकीकडे कार्तिक वद्यातील ज्ञानेश्वरांच्या समाधीचा सोहळा, दुसरीकडे फाल्गुन वद्य द्वितीयेची तुकारामबीज. पुढे चाकणचा संग्रामदुर्ग, जेथे १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाच्या अफाट फौजेला सुमारे दोन महिने झुंजविले. हा प्रदेश बाजरीचा, ज्वारीचा आणि कांद्याचा. चाकणच्या बाजाराचे नाव कांद्यासाठी दूरवर गाजलेले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढील अर्धशतकात कारखान्यांची रांग भोसरी, चिंचवड, आकुर्डी ओलांडून चाकणच्या शिवारात येऊन पोहोचली. आज कुरुळीच्या आसपास मोटारी व त्यांचे सुटे भाग तयार होतात. जेथे पूर्वी दिवस मोटेच्या कुरकुरीने सुरू होई, तेथे तो आता पाळीच्या भोंग्याने सुरू होतो.

अशा गावी आज किती पंचांगे चालतात हे मोजून पाहिले, तर ती एक नसून तीन आहेत असे दिसून येईल. पहिले नक्षत्रांचे. जूनच्या सात-आठ तारखेस सूर्य मृगात शिरला की पेरणीची घाई सुरू होते. पुढे आर्द्रा, पुनर्वसु, पुष्य, आणि शेवटी हस्त व स्वाती, असा पावसाचा हिशेब शेतकरी अद्यापही याच गणनेने ठेवतो. दुसरे पंचांग तिथीचे. सणवार, व्रते, लग्ने आणि यात्रा चंद्राच्या कलांवर चालतात. तिसरे पंचांग तारखेचे. पगार, परीक्षा, कोर्टकचेरी आणि सरकारी सुट्टी यांचे ते नियमन करते. १९५७ साली भारत सरकारने शकगणनेचे एक राष्ट्रीय पंचांगही सुरू केले. पण सामान्य माणसाच्या व्यवहारात त्याचा शिरकाव झाला नाही. सरकारने कालगणना ठरविली म्हणजे ती लोकांची होते असे नाही, याचे याहून सौम्य उदाहरण सापडणार नाही.

ही तीन पंचांगांची गुंतागुंत इंग्रजांनी आणली असे पुष्कळांस वाटते. परंतु ती त्यांच्या पूर्वीची आहे. पेशवे दफ्तरातील कोणताही जुना कागद घ्या. त्यावर चंद्र मुसलमानी महिन्याचा असतो, वर्ष शुहूर सनाचे असते, आणि पुष्कळदा जोडीला शकाची तिथीही असते. हा शुहूर सन मोठा मनोरंजक आहे. त्याच्या वर्षांची नावे अरबी अंकांवरून घेतलेली, म्हणजे इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस अशी. परंतु वर्ष मात्र सौर, आणि त्याचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात गेला म्हणजे व्हावयाचा. म्हणून त्यास मृगसाल असेही म्हणत. कारण उघड आहे. हिजरी चांद्र वर्ष दर साल दहा-अकरा दिवस मागे सरते. त्याच्यावर सारावसुली बांधली, तर काही वर्षांनी पीक शेतात उभे असताना सारा मागण्याची पाळी यावयाची. तेव्हा राज्यकर्त्याची गणना आणि कुणब्याचे नक्षत्र यांची तडजोड झाली आणि तिच्यातून हा संमिश्र सन जन्मास आला.

अगदी अशीच तडजोड नाईल नदीच्या काठी झालेली आहे, आणि म्हणूनच मिसर देशातील लोकांचे सण आपणांस वाटतात तितके परके नाहीत. तेथेही तीन पंचांगे आहेत. धर्मकृत्ये हिजरी चांद्र महिन्यांनी चालतात. राज्यकारभार इंग्रजी तारखांनी चालतो. आणि शेतकरी, मग तो मुसलमान असो वा ख्रिस्ती, तूत, हातूर, तूबा, अम्शीर ही प्राचीन कॉप्टिक सौर महिन्यांची नावे पेरणी, थंडी व वारा यांच्या संदर्भात वापरीत आलेला आहे. इस्लामी अंमलात तेथील जमिनीचा करही पिकाला धरून राहावा म्हणून सौर वर्षानेच मोजावा लागला. आपल्या दफ्तरातील ‘खमस’ आणि ‘अर्बा’ हे शब्द कैरोच्या बाजारातील माणसाला आजही कानावर पडताच ओळखता येतील.

मिसरच्या सणांपैकी दोन आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार बोलके आहेत. पहिला नाईलच्या पुराचा. शतकानुशतके ऑगस्टच्या सुमारास नदी फुगे, आणि पाणी पुरेसे चढले म्हणजे कैरोत कालव्याचा बांध समारंभाने फोडीत. एडवर्ड लेन या इंग्रज पंडिताने १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या समारंभाचे तपशीलवार वर्णन केले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो कालवाच बुजविण्यात आला, आणि १९७० साली आस्वानचे उंच धरण पूर्ण झाल्यावर पूर येणेही थांबले. तरीही नाईलच्या पूर्तीचा उत्सव अद्याप ऑगस्टमध्ये केला जातो. पूर नाही, बांध नाही, पण दिवस आहे.

दुसरा सण ‘शम्म अन्-नसीम’, म्हणजे वाऱ्याच्या झुळुकीचा वास घेण्याचा दिवस. कॉप्टिक ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सारा देश घराबाहेर पडतो. नदीकाठी व बागांत बसून खारविलेले मासे, रंगविलेली अंडी आणि हिरवा कांदा खातो. दिवस ठरतो ख्रिस्ती गणनेने, पण साजरा करणाऱ्यांत बहुसंख्य मुसलमान असतात, आणि मूळ शोधू गेल्यास ते या दोन्ही धर्मांच्या पलीकडे, प्राचीन मिसरच्या सुगीच्या ऋतूपर्यंत नेऊन भिडवितात. येथे कोणीही कोणाचा पाहुणा नसतो. चाकणच्या कांद्याला आपल्याकडे असा मान एखाद्या सणात मिळाला नाही. उलट चातुर्मासात अनेक घरांनी तो वर्ज्यच ठरविला!

आता आपल्याकडे वळू. कारण नाहीसे झाले तरी दिवस उरतो, याची साक्ष आपले सणही देतात. दसऱ्याचे सीमोल्लंघन हा मूळचा मोहिमेचा मुहूर्त. पाऊस सरला, नद्या उतरल्या, घोड्यांना वैरण मिळू लागली, म्हणजे मराठ्यांची फौज गावची शीव ओलांडून मुलूखगिरीस निघे. १८१८ नंतर ती फौज राहिली नाही आणि ती मुलूखगिरीही राहिली नाही. परंतु आपट्याची पाने सोने म्हणून वाटण्यासाठी लोक अद्याप संध्याकाळी घराबाहेर पडतात. पोळ्याची गोष्ट याहून अलीकडची. कोठे तो श्रावणी अमावास्येस होतो, पुणे जिल्ह्याच्या अनेक गावांत भाद्रपदी अमावास्येस, तर दक्षिणेकडे त्याच भावनेने बेंदूर करितात. खांदेमळणी, शिंगांस हिंगूळ, पाठीवर झूल, आणि पुरणपोळीचा पहिला घास बैलास. आज शिवारात नांगर ट्रॅक्टर ओढतो, आणि कित्येक घरी दावणीला एकही बैल नाही. तेथे मातीच्या बैलांची पूजा होते. नाईलच्या काठी पुरावाचून पुराचा सण, आणि इंद्रायणीच्या काठी बैलावाचून बैलाचा सण. उपयोग संपला म्हणजे सण संपावा असा तर्कशास्त्राचा निकाल असेल. इतिहासाचा मात्र तो नाही.

या भागातील गावांचा खरा मोठा दिवस मात्र ग्रामदैवताच्या यात्रेचा. चैत्र-वैशाखात पिके निघालेली, धान्य घरात आलेले आणि उन्हाळ्यामुळे शेत रिकामे, अशा वेळी एकेका गावाची यात्रा ठरलेल्या तिथीस येते. पहाटे अभिषेक, दुपारी पालखी व छबिना, संध्याकाळी कुस्त्यांचा आखाडा, रात्री तमाशा, आणि ज्या गावी घाट असेल तेथे बैलगाड्यांची शर्यत. या यात्रेला कित्येक गावी उरूस असेही म्हणतात, आणि हा शब्द अरबी आहे. मिसरमध्ये अशाच मेळ्याला मूलिद म्हणतात. तांता शहरी सय्यद अहमद अल-बदवी या संताचा मूलिद सुगी संपल्यावर ऑक्टोबरात भरतो. लक्सर येथे अबुल-हज्जाज या संताच्या मूलिदात रस्त्यांतून नाव मिरवितात, आणि तीन हजार वर्षांपूर्वी तेथेच देवाची नाव मिरविली जात असे. देव बदलला, भाषा बदलली, पण मिरवणूक राहिली. पीक घरात येणे, देवाचे दर्शन आणि माणसांची गर्दी, या तिहींचा योग जेथे जमतो तेथे जत्रा होते. मग ती कोणत्या धर्माच्या नावाने होते ही गोष्ट दुय्यम ठरते.

परंतु जुन्या सणाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. तो सण सर्वांची विश्रांती कधीच नव्हता. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात खेड्यातील वतनदार, बलुतेदार आणि त्यांची कामे व हक्क यांचे जे चित्र आहे, ते पाहिले म्हणजे सणाच्या दिवशी कोणाचा बैल प्रथम, कोणाची पोळी प्रथम, कोणी वाजवावयाचे आणि कोणी लांब उभे राहावयाचे, या गोष्टींना केवढे महत्त्व होते ते ध्यानात येते. मान ठरलेले होते, आणि अपमानही ठरलेले होते. बायकांच्या वाट्यास तर सण म्हणजे दुप्पट काम. ज्याला आपण गावाचा आनंद म्हणतो, त्यात कोणाचे तरी राबणे गृहीत धरलेले असे. म्हणून सणापेक्षा सुट्टी ही निराळी वस्तू आहे, आणि तिचा इतिहासही निराळा आहे.

तो इतिहास सुदैवाने याच खेड तालुक्याशी निगडित आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांचे मूळ गाव कन्हेरसर. ते जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक विचाराचे, आणि १८८० पासून मुंबईत ‘दीनबंधु’ पत्र चालविणारे. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले, आणि सणावाराच्या काही ठरावीक सुट्ट्या सोडल्या तर आठवड्याची म्हणून विश्रांती नसे. १८८४ साली लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी चौकशी मंडळापुढे ठेवला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अशा त्यांच्या मागण्या होत्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा ख्रिस्ती प्रार्थनेचा दिवस म्हणून राज्यकर्त्यांस परिचित होता. परंतु मराठी कामगाराच्या लेखी तो खंडोबाचा वार होता, आणि कन्हेरसरच्या जवळच निमगावी खंडोबाचे प्रसिद्ध ठाणे आहे. हाही योग पाहण्यासारखा आहे. मागणी नवी, यंत्रयुगाची. तिला आधार मिळाला तो जुन्या दैवताच्या वाराचा.

या रविवाराने काय केले? त्याने सणाला नसलेला एक गुण सुट्टीत आणला. ती मानावर अवलंबून नव्हती. मुकादमास जी सुट्टी, तीच झाडूवाल्यास. आजही कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक सुट्टीचा पाया १८८१ च्या, हुंड्या व चलनपत्रे यांसंबंधीच्या अधिनियमात आहे; म्हणजे हुंडीचे पैसे कोणत्या दिवशी मागता येणार नाहीत, या व्यापारी प्रश्नातून आपली सुट्ट्यांची यादी निघाली! पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याची सुट्टी हा कामगाराचा हक्क ठरविला. उत्सवाचा आनंद त्यात नसेल, पण न्याय आहे.

सण आणि सुट्टी यांची खरी गाठ पडली ती लोकांनी नवे सण निर्माण केले तेव्हा. १८९३ साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले. १८९६ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा उत्सव झाला. १४ एप्रिल १९२८ रोजी जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात डॉ. आंबेडकरांची जयंती साजरी केली. या शेवटच्या सणास सरकारी मान्यता नव्हती, सुट्टी तर नव्हतीच; ज्यांना जुन्या सणात लांब उभे राहावे लागे, त्यांनी आपला दिवस आपण निर्माण केला, आणि सुट्टी त्याच्यामागून चालत आली. १९५६ च्या दसऱ्यास, १४ ऑक्टोबर रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली. तिचे स्मरण लोक दसऱ्याच्या तिथीसही करतात आणि तारखेसही. शिवजयंतीचेही तसेच. सरकारी सुट्टी १९ फेब्रुवारीस; परंतु फाल्गुन वद्य तृतीयेस भगवा लावणारी मंडळी आपला हट्ट सोडीत नाहीत. सुट्टी एका दिवशी व सण दुसऱ्या दिवशी, हे दृश्य पाहून कोणी हसेल. आम्हास त्यात सण ही सरकारची देणगी नव्हे याचा पुरावा दिसतो. मिसरमध्ये २०२० पासून आठवड्याच्या मध्येच येणारे कित्येक राष्ट्रीय दिवस सोयीसाठी गुरुवारी सरकविण्याची रीत पडली आहे. सुट्टी अशी सरकविता येते. सण सरकविता येत नाही.

आणि येथेच कुरुळीचा आजचा प्रश्न उभा राहतो. योगायोग असा, की पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. विजेचा भार सर्व शहरांवर एकाच दिवशी पडू नये म्हणून निरनिराळ्या भागांस निरनिराळे वार वाटून दिले गेले. लोखंड्यांनी मिळविलेला खंडोबाचा वार विजेच्या हिशेबात गेला! बरे, मुले शाळेतून रविवारी घरी, बाप गुरुवारी घरी, थोरल्याची रात्रपाळी, धाकट्याची दिवसपाळी. प्रत्येकास सुट्टी आहे, पण ती एकाच दिवशी नाही. यात्रेची तिथी मंगळवारी आली तर ज्याला रजा मिळेल तो जातो, न मिळेल तो पालखी मोबाइलवर पाहतो. जुन्या काळी सण सर्वांचा होता, पण समान नव्हता; आज सुट्टी समान आहे, पण सर्वांची मिळून नाही.

यात्रेचे बळ किती, हे मागील काही वर्षांत दिसून आलेच आहे. २०११ साली केंद्र सरकारने बैलांचा अंतर्भाव खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत केला, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद झाल्या. जनावरांच्या यातनांचा आक्षेप खोटा नव्हता. चाबूक आणि टोचणी यांचे समर्थन कोणत्याही परंपरेच्या नावाने करता येणार नाही. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. मधल्या सात-आठ वर्षांत घाट ओस पडले. परंतु यात्रा बंद पडल्या नाहीत. पालखी निघत राहिली, पाहुणे येत राहिले. म्हणजे शर्यत हा यात्रेचा अलंकार होता, प्राण नव्हता. प्राण होता तो एका दिवशी सर्वांनी एकत्र येण्यात, आणि नेमका तोच आज पाळ्यांच्या वाटणीत विरळ होत चालला आहे.

यावर उपाय अशक्य कोटीतील नाही. दुकाने व आस्थापना यांच्यासाठी २०१७ साली महाराष्ट्राने केलेल्या अधिनियमात आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक व कामगार यांनी आपसांत ठरवावयाच्या. कारखान्यांतही अशा सुट्ट्या संमतीने ठरविता येतात. या चारांपैकी एक, त्या त्या गावच्या यात्रेच्या तिथीस, शिवारातील सर्व कारखान्यांनी मिळून दिली तर? उत्पादनाचा एक दिवस बुडेल हे खरे. पण तो नाही तरी बुडणारच आहे, फक्त निरनिराळ्या दिवशी.

कोणी म्हणेल, आज या पट्ट्यातील निम्मे कामगार मराठवाड्यातले, विदर्भातले, बिहार व उत्तर प्रदेशातले. त्यांना कुरुळीच्या ग्रामदैवताचे काय? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु जे लोक इंद्रायणीच्या घाटावर कार्तिकातील छठ पूजेस मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात, त्यांना नदी, सुगी आणि देव यांचे नाते शिकवावे लागेल असे वाटत नाही. यात्रा ही नेहमीच पाहुण्यांसाठी असते; ज्या घरी पाहुणा येत नाही त्या घरची यात्रा झाली असे कोणी म्हणत नाही. वाऱ्याची झुळूक घेण्यास नदीकाठी जमलेला मिसरी माणूस शेजाऱ्याला त्याचा धर्म विचारीत नाही, आणि म्हणूनच त्याचा सण राजवटींमागून राजवटी पाहून उरला आहे. एक दिवस सर्वांचे काम एकाच वेळी थांबावे आणि त्या दिवशी मानाच्या जुन्या उतरंडीला फाटा मिळावा, एवढे झाले तर लोखंड्यांची समता आणि यात्रेचे एकत्रपण ही दोन्ही एकाच ठिकाणी नांदू शकतील. ते ठरविण्याचे काम सरकारचे नाही, पंचांगकर्त्यांचेही नाही. गावकरी, मालक आणि कामगार यांनी पुढील वर्षाच्या सुट्ट्यांची यादी करावयास बसताना कुरुळीच्या यात्रेची तिथी तीत लिहिली, म्हणजे ते झाले.